तेराशे किलोच्या गाडीवर घर बांधणाऱ्यांना

माझा मामेभाऊ एकोणीस वर्षं कुवेतमध्ये होता. परत आला तेव्हा त्याच्याकडे थोडी बचत होती आणि एक कल्पना. तिकडे हिवाळ्यात लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात, मोठ्या गाड्यांवर खोल्या घेऊन येतात, हे त्याने पाहिलं होतं. आपल्याकडे २०२१ साली शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, हे त्याला कुणीतरी सांगितलं. मुंबईचे पर्यटक खोपोलीवरून आमच्या पालीला बल्लाळेश्वराला येतात, पुढे रोह्यावरून मुरूड-काशिदला किंवा माणगाववरून दिवेआगर-श्रीवर्धनला उतरतात. त्यांना चाकावरची खोली भाड्याने द्यायची. कल्पना वाईट नव्हती. आजही नाही.

त्याने तेराशे किलो माल वाहणारी पिकअप घेतली, हौदा काढला आणि एका बॉडीवाल्याकडून तिच्यावर केबिन बांधून घेतली. पलंग, ओटा, संडास, एसी, वर सोलरचे पत्रे. बॉडीवाला म्हणाला, "नऊशे किलोच्या वर एक किलो जाणार नाही." घरच्यांनी नारळाच्या वड्या वाटल्या. मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांनी गाडीत बसून फोटो काढले.

गाडी पालीला मला दाखवायला आणली तेव्हा मी खोडसाळपणा केला. म्हटलं, चल, आधी वजनकाट्यावर जाऊ. त्याला वाटलं आपा गंमत करतेय. खोपोलीच्या रस्त्यावर काटा आहे, तिथे रेतीचे, खडीचे ट्रक उभे असतात. आमची पाळी आली. टाकीत पाणी नाही, आत माणूस नाही, मी आणि तो दोघंही खाली उतरलेलो. चिठ्ठी आली: ३,०६० किलो.

आरसी बुकात त्या गाडीचं भारासह जास्तीत जास्त वजन ३,००० आहे. म्हणजे गाडी रिकामी उभी असतानाच साठ किलोने जास्त.

चिठ्ठी हातात घेऊन तो हसला. म्हणाला, "आपा, साठ किलोने काय होतं? एक पाटा वाढवून घेतो."

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. कारण तो एकटा नाही. गेल्या वर्षभरात श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात आखातातून परतलेले तीन जण मला भेटले आहेत ज्यांच्या डोक्यात हेच चालू आहे, आणि तिघांनाही सल्ला देणारे तेच आहेत. गाडी आधी, केबिन नंतर, वजन कधीच नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गाड्यांचं मला काय कळतं, असं मला जमातीच्या ग्रुपवर तीन वेळा ऐकवून झालं आहे. बरोबर आहे, मला इंजिन उघडता येत नाही. पण बेरीज येते. आणि शाळेत आम्हाला दर वर्षी बजावलं जातं की मुलाच्या दप्तराचं वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. त्यासाठी आम्ही वर्गात काटा आणून दप्तरं तोलतो. चौथीच्या मुलाच्या पाठीवर काय टाकायचं ते आधी तोलून ठरवायचं, आणि ज्या गाडीत आठ महिन्यांचं बाळ झोपणार ती अंदाजाने ठरवायची, हा कुठला शहाणपणा?

बेरीज करू. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात वाद नाही. दोनशे लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलो. पाच माणसं, लहानमोठी धरून, तीनशे वीस. त्यांचं सामान, कपडे, तांदूळ, भांडी, ऐंशी किलो धरा, आपल्या लोकांचं सामान बघता मी कमीच धरते आहे. सहाशे झाले. ३,०६० मध्ये सहाशे मिळवले की ३,६६०. परवानगी ३,०००. जादा भार ६६० किलो.

आता गंमत बघा. बॉडीवाल्याचा नऊशेचा आकडा खरा मानू. हौदा काढलेली गाडी १,५५०, त्याच्या म्हणण्याप्रमाणे केबिन ९००, वर पाणी-माणसं-सामान ६००. बेरीज ३,०५०. म्हणजे त्याने सांगितलेलं खोटं खरं असतं तरीही गाडी भारापेक्षा जड झाली असती. तेवढी बेरीज बयाणा देण्याआधी कुणीच केली नाही. ना देणाऱ्याने, ना घेणाऱ्याने, ना फोटो काढणाऱ्यांनी.

प्रत्यक्षात केबिन १,५१० किलोची निघाली. हे वजन येतं कुठून, असं लोक विचारतात, जणू कुणी रात्री येऊन त्यात दगड भरले. एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा, आठ बाय चारचा, तेवीस किलोच्या आसपास भरतो. त्याच मापाचं अठरा मिलिमीटरचं प्लाय पस्तीसच्या आसपास. केबिनला बाहेरून पत्रा, आतून प्लाय, खाली प्लाय, पलंग प्लायचा, कपाटं प्लायची. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नास किलोच्या घरात, अशा दोन. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, पण लोखंडासकट उचलायला जा, तीस किलो होतो. (आणि भाड्याच्या गाडीत घरगुती सिलिंडर लावणं बेकायदा आहे, तिथे व्यवसायाचा एकोणीस किलोवाला लागतो, तो आणखी जड. हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.) सुताराला खोली बांधायला सांगितली, त्याने खोली बांधली. घरातली खोली जमिनीवर उभी असते, तिचं वजन कुणी विचारत नाही. ही चार चाकांवर उभी आहे.

मग तो पाटा. आपल्याकडे प्रत्येक गॅरेजमध्ये हा उपाय मिळतो. मागची बाजू बसली? कमानीला एक पाटा वाढवा. गाडी पुन्हा सरळ उभी राहते आणि मालकाला वाटतं ताकद वाढली. काय वाढलं? उंची वाढली. अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तेच, चेसिस तीच, ब्रेक तेच, टायर तेच. तापाच्या मुलाला कपाळावर पावडर लावून वर्गात पाठवावं तसं आहे हे. उलट पूर्वी गाडी मागे बसायची तेव्हा निदान दिसायचं की भार जास्त झालाय. पाटा वाढवून आपण तेवढी खूणही पुसून टाकतो.

टायरच्या बाजूवर मापाशेजारी एक आकडा असतो, लोक त्याला माप समजतात. तो भारांक आहे. १०० लिहिलं असेल तर तो एक टायर पुऱ्या हवेवर आठशे किलो पेलतो, ११२ असेल तर अकराशे वीस. मागच्या दोन टायरांची बेरीज करा आणि मागच्या अ‍ॅक्सलवरचं वजन काट्यावर तोलून घ्या, काटेवाला पुढची चाकं खाली ठेवून फक्त मागचीही तोलून देतो. दोन्ही आकडे शेजारी लिहा. पाटा या दोन्हींपैकी एकही बदलत नाही.

आणि उतार. ताम्हिणी घाट उतरून माणगावला येताना ३,६६० किलोची गाडी ३,००० किलोसाठी केलेल्या ब्रेकवर थांबवायची आहे. वजन जेवढ्या पटीने वाढतं तेवढ्या पटीने ब्रेकमध्ये उष्णता वाढते, हे नववीच्या विज्ञानात आहे. पहिल्या वळणावर काही कळत नाही. दहाव्या वळणावर पेडल मऊ लागायला लागतं. पावसाळ्यात, धुक्यात, मागे सुमोवाला हॉर्न देतोय, आत मुलं झोपली आहेत.

वजन किती यापेक्षा वजन कुठे, हा प्रश्न तर कुणाच्या गावीच नाही. माझ्या भावाच्या गाडीत संडास, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या अगदी मागे आहेत, मागच्या चाकांच्याही पलीकडे, कारण पुढे पलंग "शोभून दिसतो". समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये तीन मीटर अंतर आहे आणि तीनशे किलो मागच्या चाकांच्या एक मीटर मागे टांगले. मागच्या चाकांवर तीनशे नाही, चारशे किलो येतात. आणि पुढच्या चाकांवरून शंभर किलो उचलले जातात. बागेतली सी-सॉ आठवा. स्टिअरिंग ज्या चाकांना आहे तीच हलकी होतात. चढावर गाडी "तरंगल्यासारखी" वाटते असं तो स्वतःच म्हणत होता आणि त्याला ते सुखाचं वाटत होतं!

अमेरिकेत हा शौक आपल्यापेक्षा कितीतरी जुना आहे. तिथे पिकअपच्या हौद्यात आख्खी खोली सरकवून ठेवतात, मोठ्या खोल्या रिकाम्याच चार हजार पौंडांच्या पुढे जातात, म्हणजे अठराशे किलोच्या वर. तिथल्या सरकारी नियमाप्रमाणे ट्रक बनवणाऱ्याला हौद्यात किती वजन चालेल आणि त्या खोलीचा गुरुत्वमध्य कुठून कुठपर्यंत असावा हे गिऱ्हाईकाला लिहून द्यावं लागतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिठ्ठी चिकटवलेली असते, माणसं आणि सामान मिळून यापेक्षा जास्त नको. मोठ्या खोलीसाठी तिथे फोर्डचा एफ-३५० किंवा रॅमचा ३५००, तोही मागे जोडचाकांचा घेतात. तिथेही लोक फसतात, कारण कंपनीच्या माहितीपत्रकात खोलीचं कोरडं वजन असतं, पाणी, गॅस, बॅटरी, सामान सोडून. तिथेही कुणीतरी म्हणतोच की हवेच्या पिशव्या लावल्या की भागतं. मूर्खपणाला पासपोर्ट लागत नाही. फरक इतकाच की तिथे आकडा दारावर चिकटवलेला असतो. आपल्याकडे तो आरसी बुकात असतो आणि आरसी बुक कपाटात असतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण "पोलिसाला शंभर दिले की झालं" हे वाक्यही मी ऐकलं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ११३ म्हणतं की आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त भाराने गाडी चालवायची नाही. कलम १९४ प्रमाणे त्याला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार, आणि जादा भार उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. ट्रकवाला चार पोती उतरवेल. तुम्ही काय उतरवणार, संडास? कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात तेच ठासून सांगितलं. कलम १८२-अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. चाकावरच्या घराला आपल्या देशात वेगळं मानक आहे, एआयएस-१२४, त्यात बसायची, झोपायची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवायची सोय असलेल्या गाडीची व्याख्या आणि तपासणी दिली आहे, आणि अशा तपासण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. म्हणजे सरळ रस्ता अस्तित्वात आहे. तो लांब आहे, एवढंच.

विम्याचं वेगळं सांगायला नको. केबिन आरसीवर नाही, भार मर्यादेबाहेर, आणि अपघात झाला, तर विमा कंपनीच्या हातात तुम्ही स्वतः कोलीत दिलं आहे.

आता माझ्यावर येणारे आक्षेप. ते मी ग्रुपवर वाचले आहेत, त्यामुळे कल्पना करावी लागत नाही.

रेतीच्या गाड्या रोज दुप्पट भरून जातात, त्यांचं काय होतं? पुष्कळ होतं, वाकण फाट्यापासून माणगावपर्यंत महामार्गाच्या कडेला मोडलेल्या अ‍ॅक्सलसकट उभे ट्रक कुणी पाहिले नाहीत? आणि रेतीची गाडी एका बाजूला भरलेली जाते, दुसऱ्या बाजूला रिकामी येते. केबिन कधीच उतरत नाही. गाडी शेडमध्ये उभी असली तरी तो भार टायरवर, पाट्यांवर, चेसिसवर असतोच, रात्रंदिवस. शिवाय रेती श्वास घेत नाही.

मोठा ट्रक घेतला तर हेवी लायसन्स लागेल, हा दुसरा. हे चुकीचं आहे आणि या चुकीने अनेकांनी छोटी गाडी घेतली आहे. साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी हलक्या वाहनात मोडते. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस तेवढ्या वजनापर्यंतचं वाहतुकीचं वाहन चालवू शकतो. साडेसात हजार! माझ्या भावाला लागतात ३,६६०. त्याच लायसन्सवर त्याला सहा चाकांची, मागे जोडचाकांची, ४०७ च्या वर्गातली चेसिस घेता आली असती. ४०७ टाटांनी १९८६ मध्ये आणली, तेव्हापासून कोकणातल्या प्रत्येक गावात तिचा मिस्त्री आहे, सुटे भाग पेणला, माणगावला मिळतात. त्याने ती का घेतली नाही? "ती टेम्पो दिसते." पिकअपला पुढून तोंड चांगलं आहे म्हणे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि हा मला मान्य आहे. मोठी चेसिस महाग, डिझेल जास्त, टायर सहा. चौथा गल्ल्यांचा, तोही मान्य. मुरूडच्या किंवा श्रीवर्धनच्या मोहल्ल्यात, माडांच्या वाडीतून, रुंद गाडी वळत नाही, समोरून एसटी आली की एक किलोमीटर मागे घ्यावं लागतं. पण या दोन्हींचं उत्तर छोट्या गाडीवर मोठी केबिन हे नाही. उत्तर छोट्या गाडीवर छोटी केबिन हे आहे. एसी काढा, संडास काढा, प्लायऐवजी हलकं पॅनल लावा, पाणी साठ लिटर ठेवा, दोन माणसांची गाडी करा. किंवा गाडी रिकामी ठेवा आणि तंबू न्या. मोठं घर हवं तर मोठी चाकं, छोटी चाकं हवीत तर छोटं घर. मला दोन्ही मान्य आहेत. मला मोठं घर, छोटी चाकं आणि वर "काही होत नाही" हे मान्य नाही.

पाचव्या आक्षेपावर मी रागावते. आमच्या एका वडीलधाऱ्यांनी, ज्यांचा मी आदर करते, लिहिलं: "बेटी, अल्लाह मालिक आहे. नियत साफ असली की गाडी चालते." चाचा, अल्लाह मालिक आहेच. पण रसूलुल्लाहांसमोर एक उंट येऊन रडला आणि त्यांनी त्याच्या मालकाला विचारलं, तू याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस का, ही हदीस मी तुमच्याच दर्समध्ये लहानपणी ऐकली. उंट निदान बसून राहू शकतो. गाडीला ते येत नाही, ती मोडेपर्यंत चालते. आणि मापात मारणाऱ्यांवर कुरआनात आख्खी सूरह आहे. दीड हजाराची केबिन नऊशेची सांगून विकणारा त्यात येतो की नाही, ते मला आलिमांनी सांगावं. काट्यावरची चिठ्ठी हातात असून ती खिशात घालणारा कशात येतो, तेही सांगावं.

नियत साफ असल्याचा पुरावा म्हणजे तोलून बघणं. क्रमही सांगते, कुणाला उपयोग झाला तर. आधी ठरवा किती माणसं झोपणार आणि किती दिवस. मग केबिनवाल्याकडून सगळ्या वस्तूंची वजनासकट यादी लिहून घ्या आणि केबिन काट्यावर जेवढी भरेल त्याप्रमाणे शेवटचा हप्ता मिळेल हे करारात लिहा. ज्याला स्वतःच्या आकड्यावर भरवसा आहे तो सही करतो. त्यात भरलेलं पाणी, माणसं, सामान मिळवा. जो आकडा येईल त्यावर निदान पाचवा हिस्सा आणखी धरा, कारण घर जसजसं जुनं होतं तसतसं जड होतं, हे कुठल्याही गृहिणीला विचारा. माझ्या भावाचा हिशेब असा होता: १,५१० अधिक ६००, म्हणजे २,११०, पाचवा हिस्सा धरून साधारण अडीच हजार. आता अडीच हजार किलो पेलणारी चेसिस शोधायला बाजारात जा. तेराशेवाली गाडी त्या यादीत येतच नाही, तिचं तोंड कितीही चांगलं असो.

भावाला मी हे सगळं त्या संध्याकाळी ओट्यावर बसून सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही. एकोणीस वर्षांच्या उन्हातले पैसे आहेत, मला ते कळतं. त्याची बायको, आमची भाबी, तिने मात्र चिठ्ठी मागून घेतली आणि फ्रिजवर लावली.

बॉडीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, काटा चुकीचा असेल. आम्ही पेणला दुसऱ्या काट्यावर नेली. ३,०५५.

सध्या केबिन चार सिमेंटच्या खांबांवर त्याच्या आंब्याखाली उतरवलेली आहे, पिकअपला हौदा परत बसवलाय आणि तो तीवर नारळ वाहतो. तेराशे किलोपर्यंत. सहा चाकांच्या जुन्या चेसिसची चौकशी चालू आहे, पण या वेळी काट्याची चिठ्ठी घेऊन.